थोर म्हणून गाजलेले खेळ

माणसाने चाळिशी ओलांडली की दोन गोष्टी एकदमच होतात. वर्तमानपत्र हातभर लांब धरल्याशिवाय त्याला अक्षर लागत नाही, आणि लांबच्या काळातले मात्र सारे काही स्वच्छ, सुरेख आणि सोन्याने मढवलेले दिसू लागते. पहिल्या विकारावर चष्मा आहे. दुसऱ्यावर अजून कोणी उपाय काढलेला नाही, आणि खरे पाहता तो कोणाला हवाही नसतो. आमच्या आजोबांच्या पिढीला हा विकार संगीत नाटकांनी जडला. वडिलांच्या पिढीला जुन्या बोलपटांतल्या गाण्यांनी. आमच्या पिढीच्या वाट्याला काय आले म्हणाल, तर व्हिडिओ गेम!

हसू नका, वाचकहो. कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागलेली, घराच्या हप्त्यांनी वाकलेली शहाणीसुरती माणसे पर्शियाच्या एका राजपुत्रावरून नाहीतर एका मिशाळ प्लंबरवरून हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. आता तर या खेळांना रीतसर 'अभिजात' म्हणतात. सर्वश्रेष्ठ शंभरांच्या याद्या निघतात, जाडजूड पुस्तके लिहिली जातात. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारे मेटाक्रिटिक नावाचे एक संकेतस्थळ आहे. त्याच्या दप्तरी १९९८ सालच्या 'दि लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम' या जपानी खेळाला १०० पैकी ९९ गुण आहेत. मी इतकी वर्षे मुलांचे निबंध तपासतो आहे. निबंधाला ९९ गुण देण्याइतके औदार्य मला अजून साधलेले नाही. एक गुण कशाचा कापला असेल, हेही एक कोडेच!

ही कीर्ती खरी किती? हा प्रश्न मला पडला नव्हता, तो माझ्या भाच्याने विचारला. "मामा, हे खेळ चांगले आहेत म्हणून तू चांगले म्हणतोस, की तू तेव्हा लहान होतास म्हणून?" चौदा वर्षांच्या मुलाने इतका सरळ प्रश्न विचारला की मोठ्या माणसाजवळ दोन पळवाटा असतात. एक, जुने ते सोने असे म्हणून टाकणे. दुसरी अधिक सभ्य : 'त्या काळच्या मानाने थोर' असे म्हणणे. मला ही दुसरी वाट पहिलीपेक्षाही नावडते. 'त्या काळच्या मानाने' हे उत्तेजनार्थ बक्षीस आहे. ज्याला एखाद्या गोष्टीचा मान तर राखायचा असतो, पण तिच्याजवळ पुन्हा जाऊन बसायचे मात्र नसते, तो हे बक्षीस वाटत सुटतो.

प्रश्न खेळांपुरता असता तर मी इतका वेळ त्यावर घालवला नसता. पण माझा धंदाच मुळी आदर पोचवण्याचा आहे. पन्नास मुलांसमोर उभे राहून 'ही कविता थोर आहे' असे मला दरवर्षी सांगावे लागते, आणि परीक्षेत 'रसग्रहण करा' म्हणून गुण ठेवलेले असतात. मुले हुशार असतात. रस आला नाही तरी रसग्रहण करता येते, हे त्यांना सहावीतच कळते. मनात एक आणि उत्तरपत्रिकेत दुसरे, ही विद्या आम्ही त्यांना गुण देऊन शिकवतो. आणि मग हीच मुले मोठेपणी सभेत टाळ्या वाजवू लागली की समाज किती ढोंगी झाला म्हणून हळहळतो. म्हणून भाच्याचा प्रश्न मला थट्टेवारी नेता येईना. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी बसून त्या जुन्या खेळांची फेरतपासणी करायचे ठरवले. अट एकच : प्रत्येक खेळाला पुरता एक तास द्यायचा, आणि तोवर मामाने तोंड उघडायचे नाही.

सुरुवात अर्थातच 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ने झाली. १९८९ सालचा हा खेळ; जॉर्डन मेकनर नावाच्या एका अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने केलेला. कथा चार ओळींची. सुलतान मोहिमेवर गेलेला, वजीर कपटी. राजकन्येला त्याने एक तासाची मुदत दिली आहे, माझ्याशी लग्न कर नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कोंडलेला. त्याने साठ मिनिटांत बारा मजले पार करून वर पोचायचे. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे जे जे कोणी संगणकाच्या क्लासला गेले, त्यांतल्या बहुतेकांनी सरांची पाठ वळल्यावर हा पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र पळवलेला आहे. मीही पळवला आहे. तेवढा क्लास मात्र केला होता!

भाच्याने पंधरा मिनिटे तो खेळला आणि म्हणाला, "हा ऐकतच नाही." तक्रार खरी आहे. आजच्या खेळातला वीर बोट हलायच्या आत वळतो, हवेतल्या हवेत दिशा बदलतो. हा राजपुत्र धावता धावता थांब म्हटले तर दोन पावले घसरतो, उडी मारायच्या आधी अंग सावरतो, कड्याला लोंबकळला की वर चढायला त्याला वेळ लागतो. याचे कारण असे, की तो मुळात खराखुरा मुलगा आहे. मेकनरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून मोटारी लावण्याच्या एका मोकळ्या जागेत धावायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले, आणि एकेका चित्रावरून त्या देहाची हालचाल संगणकात उतरवली. तलवारीचे हात त्याने १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या बोलपटावरून घेतले. म्हणून त्या राजपुत्राला वजन आहे. तो पडला तर पडल्यासारखा पडतो, आणि भाल्यांवर पडला तर बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ज्याला भाचा दोष म्हणाला, तोच या खेळाचा प्राण आहे. मोठ्या कलाकृतींच्या बाबतीत हे पुष्कळदा असे असते. दोष खरवडून काढायला जावे तर खाली गुणच निघतो.

पण सगळेच दोष असे गुणांच्या पोटातले नसतात. कोणती फरशी पायाखालून निसटेल, हे या खेळात निदान पहिल्या खेपेला तरी पुष्कळदा कळत नाही. मरायचे, मग कळायचे, मग तोच मजला पहिल्यापासून; आणि गेलेली मिनिटे मात्र परत मिळत नाहीत. भाचा म्हणाला, "मला कळायची सोयच नव्हती, तर शिक्षा कशाची?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न घालणारा परीक्षक कितीही नामांकित असला तरी तो अन्यायीच. तेवढ्यापुरती या खेळाची कीर्ती मी खुशाल कमी करतो.

आणि मग ती सावली आली. चौथ्या मजल्यावर वाटेत एक आरसा उभा असतो. राजपुत्राला धावत जाऊन त्या आरशातूनच उडी मारावी लागते. तो पलीकडे उतरतो तेव्हा त्याचे बळ जेमतेम उरलेले असते, आणि आरशातून उलट दिशेने त्याचीच एक छाया निघून पळून जाते. पुढच्या मजल्यावर ती त्याच्यासाठी ठेवलेले औषध पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या मजल्यावर त्याच्या तोंडावर दरवाजा पाडते. शेवटच्या, बाराव्या मजल्यावर ती तलवार उपसून समोर उभी राहते. आता इतके त्रास दिलेल्या शत्रूला कोण सोडील? भाच्याने वार केला. छायेचे बळ एका अंशाने घटले, आणि त्याच क्षणी त्याचे स्वतःचेही. त्याने पुन्हा वार केला, पुन्हा तेच. खोलीत पंखा फिरत होता तेवढाच आवाज. पडद्यावर एक अक्षर येत नाही, कोणी काही सांगत नाही. त्याने बराच वेळ बोटे वर धरून ठेवली, मग तलवार म्यान करण्याची कळ दाबली. छायेनेही म्यान केली. तो चालत तिच्याकडे गेला, ती त्याच्याकडे आली, आणि दोघे एक झाले. "मामा, तो मीच होतो," भाचा म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

नीतीवर लिहिलेली पुस्तके माझ्या वाचनात थोडीबहुत आली आहेत. स्वतःशी तलवार चालवू नये, ही गोष्ट इतक्या थोडक्यात सांगितलेली मला आठवत नाही. गंमत अशी, की ही छाया दारिद्र्यातून जन्मली. मेकनर ज्या ॲपल टू यंत्रावर काम करीत होता त्याची स्मरणशक्ती फारच तोकडी. राजपुत्राच्या शेकडो हालचालींनी ती भरून गेलेली, नव्या शत्रूच्या चित्रांना जागाच नाही. तेव्हा त्याने राजपुत्राचेच चित्र घेतले, ते जरासे सरकवून त्याच्यातूनच वजा केले, आणि जी काळपट, लखलखती आकृती उरली तिला शत्रू केले.

इथे एक मोह होतो आणि तो मला आवरता घ्यायचा आहे. 'केवढ्याशा साधनांत केवढे काम!' असे म्हणून आपण जुन्या गोष्टींना चटकन जास्तीचे गुण देतो. निन्टेन्डोचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ सालचा सबंध खेळ ४० किलोबाइटांत मावतो. आज फोनवर आलेला दिवाळीचा एखादा शुभेच्छांचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. त्यातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे म्हणजे एकच चित्र, नुसते रंग बदललेले. हे ऐकून मान डोलते, आणि डोलावी. पण पाच मैल चालत शाळेत येणारा एखादा मुलगा असतो. त्याच्याविषयी मला जो आदर वाटतो तो त्याच्या पाठीवर हात ठेवून दाखवावा, त्याच्या निबंधाच्या गुणांत मिळवू नये. मिळवला तर निबंधावरही अन्याय होतो आणि मुलावरही. कारण मग त्याचा निबंध खरोखर चांगला असला तरी लोक म्हणणार, चालत येतो म्हणून दिले. छायेला असल्या दयेची गरज नाही. यंत्राला अमाप जागा असती आणि मेकनरने तीच छाया तशीच केली असती, तरी भाचा तसाच गप्प झाला असता. मारिओला काय द्यायचे तेही ढगाझुडपांकडे न पाहता द्यावे : पहिल्याच पडद्यावर, एक शब्द न बोलता, तो उडी मारायला शिकवतो. असा शिक्षक आमच्या पेशात दुर्मिळ.

निर्मात्याच्या मनात नसलेल्या गुणाचे श्रेय कोणाला, हा आणखी एक नाजूक प्रश्न. तोमोहिरो निशिकादोचा १९७८ सालचा 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. पंचावन्न परग्रहवासी ओळीने खाली सरकत असतात. त्यांतले जसजसे मारावे तसतसे उरलेले वेगाने येऊ लागतात, आणि शेवटचा तर वेडापिसा होऊन धावतो. खेळणाऱ्याच्या छातीत धडधड होते ती यामुळे. पण हा वेग कोणी योजलेला नव्हता. पंचावन्न आकृत्या काढताना ते गरीब यंत्र धापा टाकीत होते. आकृत्या कमी झाल्या की त्याचा श्वास मोकळा होई, एवढेच. निशिकादोने ते पाहिले आणि तसेच राहू दिले. माझ्या मते श्रेय त्याचेच. कादंबरी लिहिताना एखादे पात्र आपल्या हातून निसटून भलतेच काही बोलून जाते. ते खोडायचे की ठेवायचे, यातच लेखकाची परीक्षा असते.

'पॅक-मॅन'पाशी मात्र आमचे जमले नाही. १९८० साली, जिकडेतिकडे गोळ्या झाडण्याचेच खेळ असताना, तोरू इवातानी या जपानी तरुणाने मुलींनाही आवडावा म्हणून खाण्यावर बेतलेला खेळ केला, ही कल्पना मोठी गोड आहे. त्यातल्या चार भुतांचे चार स्वभावही आहेत : तांबडे थेट पाठलाग करते, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवते, निळ्याचा नेम नाही, आणि नारिंगी जवळ येताच कच खाऊन पळते. एखाद्या एकत्र कुटुंबातले चार भाऊच म्हणाना! हे सारे वाचायला फार छान वाटते. खेळताना मात्र वीस मिनिटांनी मला जांभई आली आणि भाच्याला त्याच्या आधीच.

'टेट्रिस'ला कीर्तीची गरजच नाही. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतल्या अलेक्सेई पाजितनोव्हने १९८४ साली चित्रे काढता न येणाऱ्या एका यंत्रावर, नुसत्या कंसांच्या खुणा जोडून, चार-चार चौकोनांचे सात तुकडे केले. ते आजतागायत पडताहेत. सोंगट्यांचा पट कोणी शोधला हे विचारल्याशिवाय आपण सोंगट्या खेळतो, तसाच हा खेळ. यात कोणी जिंकत नाही, हरणे फक्त लांबवता येते. १९८९ सालच्या निन्टेन्डोच्या आवृत्तीत २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने ते इतके लांबवले की शेवटी यंत्रच गोठून थांबले. जगाला इतके खेळवणाऱ्या पाजितनोव्हला मात्र त्यातून स्वतःचे मानधन मिळू लागले ते १९९६ पासून. भाच्याने एक तासाची अट मोडून अडीच तास घेतले आणि मग आपणहून सांगितले, "यात तपासायचं काय?"

आता एका वेगळ्याच गोष्टीकडे वळतो. या याद्या करतो कोण? अमेरिका आणि जपान. त्यांत आमच्या तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडमागच्या गाळ्यात, एकेक रुपया खळखळत घातलेल्या यंत्रांचा विचार कोणी केलेला नाही. तिथला निर्विवाद थोर खेळ कोणता, हे महाराष्ट्रातला कोणताही चाळिशीचा माणूस झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल : 'मुस्तफा'. या नावाचा खेळ जगात नाही! कॅपकॉम कंपनीच्या १९९३ सालच्या त्या खेळाचे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'; एका अमेरिकन चित्रकथेवर तो बेतलेला. पण त्यातल्या चार खेळाडूंपैकी मुस्तफा हे एकच नाव आमच्या कानांना ओळखीचे होते, आणि धावायला तो चपळ होता. आम्ही सबंध खेळाचे त्याच्या नावाने बारसे केले. जगाच्या याद्यांत तो क्वचितच सापडेल. मग आमची ती कीर्ती खोटी म्हणायची की काय? भाच्याने एक तास खेळून शांतपणे सांगितले की त्यात नुसती मारामारी आहे. ते बरोबर आहे. गाळ्यातली गर्दी, पाठीमागून ओरडून सल्ला देणारी मुले, शेवटचा रुपया, हे त्याला मी कोठून आणून देणार? मुस्तफा थोर नव्हता, तो गाळा थोर होता. यापुढे कोणी त्याचे गुणगान केले तर मी गाळ्याविषयी बोलेन, खेळाविषयी नाही.

आणि ज्यांच्या कपाळी अपकीर्ती लिहिली त्यांचे काय? कीर्ती तपासायची तर दुसरी बाजूही तपासली पाहिजे. अटारी कंपनीचा 'ई. टी.' हा १९८२ सालचा खेळ आजवरचा सर्वांत वाईट खेळ म्हणून ओळखला जातो. न विकलेले संच १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत पुरले गेले, आणि २०१४ साली ते उकरून काढले तेव्हा पाहायला माणसे जमली. त्यानेच सारा धंदा बुडवला असे सांगणारे भेटतात. वस्तुतः बाजारात तेव्हा निकृष्ट खेळांचा नुसता चिखल झाला होता. 'ई. टी.' करणारा हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ हा त्याआधी नावाजलेला कारागीर. नाताळची विक्री गाठायची म्हणून त्याला दिले होते जेमतेम पाच आठवडे. आम्ही तो खेळलो. बिचारा परग्रहवासी सारखा खड्ड्यात पडतो. खेळ वाईटच आहे, यात शंका नाही. पण ज्यांनी त्याला सर्वांत वाईट ठरवले त्यांच्यापैकी किती जण त्या खड्ड्यात स्वतः पडले असतील? ऐकीव निंदा ही ऐकीव स्तुतीची सख्खी बहीण आहे; फरक इतकाच, की तिच्यामुळे एका जिवंत माणसाला तीस वर्षे मान खाली घालावी लागते.

ऐकीव यासाठी म्हणतो, की पडताळून पाहायची सोयच दिवसेंदिवस उरत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत असे आढळले. खुद्द मेकनरने 'प्रिन्स'साठी लिहिलेली मूळ आज्ञावली हरवली होती. २०१२ साली त्याच्या वडिलांना ती कपाटातल्या एका खोक्यात सापडली. आमच्या पोथ्या निदान वाळवीला पुरून उरल्या. या खेळांची स्तुती उरेल आणि खेळ जातील, असा रंग दिसतो. आणि जी वस्तू कोणी पाहू शकत नाही तिच्या थोरपणाबद्दल मग कोणाचीच शंका उरत नाही.

मी भाच्याला एवढेच सांगितले, की कीर्ती म्हणजे शिफारसपत्र समज. त्याने मुलाखतीला बोलवावे, नोकरी देऊ नये. तो कबूल झाला. पण मुलाखत किती वेळ घ्यायची यावर आमचे अजून पटत नाही. तो म्हणतो, तास पुरे. पण छाया बाराव्या मजल्यावर भेटते आणि त्याला तिथवर पोचायला सतरा दिवस लागले होते, याची मी त्याला आठवण करून देतो. "पण मग पहिले तीन मजले वाईट आहेत असं म्हणू नको का?" म्हण की! जरूर म्हण. फक्त चढून जाऊन म्हण.

सुट्टी संपता संपता त्याने वहीत आपला निकाल लिहिला. 'टेट्रिस', पास. 'प्रिन्स', पास, पण फरशा दुरुस्त कराव्यात. 'मारिओ', पास. 'स्पेस इन्व्हेडर्स', शेवटची दहा सेकंदे पास. 'पॅक-मॅन', नापास, भुते मात्र पास. 'मुस्तफा'पुढे त्याने माझ्या तोंडाकडे पाहून 'गैरहजर' असे लिहिले. मी विचारले, तुमच्या 'माइनक्राफ्ट'चे काय? हा खेळ २०११ सालचा, म्हणजे त्याच्याच वयाचा. तो गंभीरपणे म्हणाला, "तो आता पूर्वीसारखा नाही राहिला, मामा." शेवटच्या पानावर त्याने 'ऑकरिना ऑफ टाइम' असे ठळक अक्षरांत लिहून खालची जागा कोरी सोडली आहे. ९९ गुणांचा उमेदवार म्हणून त्याला चाळीस तास द्यायचे ठरले आहे. त्याची आई म्हणते, आधी दहावी होऊ दे.